पेशंटही तेच, मेव्हणाही तेच

अँब्युलन्सचं मागचं दार उघडण्याआधी ड्रायव्हरकाका पत्र्यावर दोनदा टिचकी मारत आणि मला बजावत, "पयलं नाव इचार. मशीन मंग."

सायरन वाजवत जाणारी गाडी तुम्ही पाहिली असेल. ती चालवणाऱ्याचा चेहरा कोण बघतं? मी पाहिला. भुईगावच्या, केळीची वाडी असलेल्या घरातले हे काका, सगळी उमर याच सीटवर गेलेली. मी मनवेलपाड्याची, तातडीच्या उपचारांचा कोर्स संपवून नुकतीच कामाला लागलेली. कोर्समध्ये सगळं रबरी पुतळ्यावर शिकले होते. पुतळा विव्हळत नाही आणि त्याला नातेवाईकही नसतात.

पहिल्याच आठवड्यात नारळाच्या झाडावरून पडलेल्या एका माणसासाठी बोलावणं आलं. आम्ही पोहोचलो तेव्हा घरचे त्याला हातापायांना धरून रिक्षात घालायला निघाले होते. असं उचललं तर पाठीचा कणा कायमचा जाऊ शकतो, हे मला पाठ होतं. पण तोंडातून आवाज फुटेना.

काका गर्दीत शिरून ओरडले, "थांबा! म्याडम सांगतील तसंच करायचं."

एरवी ते मला 'पोरी' म्हणत. त्या 'म्याडम'ने माझी जीभ सुटली. मी खाली बसले, त्या माणसाला नाव विचारलं. त्याने डोळे उघडून सांगितलं. मग मानेला पट्टा, पाठीखाली फळी. पुढे तो चालायला लागला, हे मला काकांकडूनच कळलं.

त्यानंतर काकांनी माझी शिकवणी सुरू केली. गोखिवऱ्याच्या आमच्या थांब्यावर गाडी रिकामी उभी असली की स्वतः स्ट्रेचरवर आडवे होत. "आज मला साप चावलाय. कर काय करायचं ते." मी पट्टे आवळत असताना मध्येच उठून बसत, "अवो, लवकर करा ना! गाडीत पंखा का नाय?"

"काका, पेशंट असा बोलत नाही."

"आता मी पेशंटचा मेव्हना हाय. तोच जास्त तरास देतो."

एका दुपारी डोक्याला मार लागलेला पेशंट व्हायची त्यांची पाळी होती. मी म्हटलं, "समोर बघा. माझी बोटं किती?" आणि डावीकडून हात हळूहळू पुढे आणला.

"कुठली बोटं?"

मी हसले. मला वाटलं, नाटक चाललंय. हात आणखी पुढे नेला, तरी ते समोर बघत म्हणाले, "दाखव ना पोरी." माझं हसू तिथेच विरलं. आदल्या महिन्यात गाडीचा डावा आरसा दोनदा घासला होता.

ते उठून बसले. मग म्हणाले, "म्याडम म्हनून सांग. मी गाडी चालवू का?"

मला रडू येत होतं. "नाही," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून चावी काढून माझ्या हातात ठेवली. तपासणीत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती. निरोपाच्या दिवशी त्यांनी वाडीतला केळ्यांचा घड आणला आणि नव्या ड्रायव्हरला सांगितलं, "हिचं ऐकायचं. हिने मलाबी उतरवलाय."

पुढच्या पावसाळ्यात ते झोपेतच गेले. भेटायला जायचं, जायचं म्हणत माझ्या ड्युट्या निघत गेल्या.

त्याआधी एकदाच दिसले होते. अपघातातली एक बाई घेऊन आम्ही भुईगावच्या नाक्यावर अडकलो होतो, पुढे टेम्पो आडवा. काका वाडीतून चिखलाच्या पायांनी रस्त्यावर आले. पूर्ण मान वळवून त्यांनी टेम्पो शोधला, त्याला मागे घ्यायला लावलं आणि बाकीच्या गाड्या अडवायला हात आडवा धरून उभे राहिले. आत कोण आहे, हे त्यांना कळलं नसावं. माझे दोन्ही हात त्या बाईची जखम दाबून होते. मी हाक मारली, ती सायरनमध्ये बुडाली.

मागच्या काचेतून ते लहान लहान होत गेले. आम्ही कधीच पार झालो होतो, तरी त्यांचा हात आडवाच होता.