पट्टा सगळ्यांना

कंपनीत असेंब्ली लाइनवर ओरडत-रडत धाकटा भाऊ कोसळला, तेव्हा त्याला अँब्युलन्समधून नेणाऱ्या नर्सताई आठवड्याने चाकणला आमच्या घरी आल्या. कंपनी त्याचा राजीनामा मागत होती, म्हणून ताईंनी सोबत फी न घेणारे एक वकीलही आणले होते.

ताईंनी बीपीचा पट्टा आधी आईच्या दंडाला गुंडाळला.

"मला कशाला गं?"

"एकट्यालाच बांधला, की तो पेशंट होतो, मावशी."

मग मला, मग धाकट्याला, शेवटी वकिलांना.

"सगळ्यांचं झकास. वकीलसाहेब, तुमचंच वाढलंय!"

"वाढणारच! आजारी पोराकडून राजीनामा मागतात म्हणजे काय?" वकील कडाडले.

ताई गालातल्या गालात हसल्या. इतके दिवस मान खाली घालून बसलेला धाकटा उठला. त्यानं वकिलांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"शांत व्हा, साहेब. मी न्हाई करत सही."