लाईट गेली की पुसलं जाणारं नाव

त्या प्रकरणाचे कागद केव्हाच दप्तरखान्यात जाऊन पडले, पण मला मात्र ते हल्ली रोज दुपारी आठवतं. जेवण झालं की मी बैठकीत आडवा होतो. शेजारी माझी नात फोनवर खेळांच्या बातम्या वाचत बसते. कुठला नवा खेळ येणार, कुठे कोण पहिला आला, कोणाला कोणी हरवलं. तिचे हे खेळगडी देशभर पसरलेत, आणि त्यांतल्या एकालाही तिनं कधी पाहिलेलं नाही. तिची आई त्यावरून ओरडते. मी ओरडत नाही. माझे डोळे मिटायला लागतात, फोनचा निळसर उजेड भिंतीवर हलतो, आणि मी बीदरच्या त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन उभा राहतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बीदरला पीएसआय होतो. एक दिवस सकाळची हजेरी चालू असताना एक बाई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. आत ये म्हटलं तरी येईना. मूळची औरादकडची. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, पुढे मेंढरं गेली आणि मजुरी आली. ती बीदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत एका गोदामात डाळ निवडायला जायची. आईबाप लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला तिनंच वाढवलं होतं. तो आता विशीत होता आणि घर सोडून गेला होता. आजूबाजूचे सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही इथे अक्काच म्हणतो.

हरवलेला माणूस शोधायचा असेल तर त्याचा फोटो नंतर बघावा, शेवटचं बोलणं काय झालं ते आधी विचारावं, असा माझा शिरस्ता होता. मी विचारलं.

"स्टँडामागं त्यो गेमचा दुकान हाय न्हवं, त्याच्यापायी कामाला जाईना झालता," ती म्हणाली. "कारखान्यातनं काढून टाकलं. म्या म्हनलं, मर तिकडं. एकदाच रडून मोकळी हुईन."

असं वाक्य तक्रारीत घेता येत नाही. 'घरगुती वादातून निघून गेला' असं मी लिहिलं, पण तिच्या दृष्टीनं खरी तक्रार तेवढं एक वाक्यच होती. ती भावाच्या विरुद्ध नव्हती, स्वतःच्याच विरुद्ध होती.

पुढे काही दिवसांनी शहराबाहेरच्या एका पडक्या विहिरीत तरुण माणसाचं प्रेत सापडलं. पाण्यात राहिल्यामुळे चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखी नव्हती. उंची, वय आणि अंगातला निळ्या चौकड्यांचा शर्ट अक्कानं दिलेल्या वर्णनाशी जुळत होता. पुढच्या सकाळी तिला बोलावून घेतलं. ओळख पटवायला आलेला माणूस सहसा आधी 'नाही' म्हणतो, मग नीट बघतो, मग कोसळतो. ही बाई शवागाराच्या दारातूनच 'व्हय' म्हणाली. नीट बघ म्हटलं तर म्हणाली, "काय बगू सायेब? म्याच म्हनलं नव्हं का."

मी पंचनाम्यावर तिचा अंगठा घेतला, पण मन मानेना. तसला शर्ट औरादच्या बाजारात एकाच गठ्ठ्यातून निम्म्या तालुक्यानं घेतला होता. माझ्या हवालदाराच्या मुलाच्या अंगातही तोच होता. ज्याला आपणच गुन्हेगार आहोत असं वाटतं तो समोर येईल ती शिक्षा कबूल करतो, हे मी चोरांत पाहिलं होतं. बहिणीत पहिल्यांदा पाहत होतो. पण नुसत्या वाटण्यावर प्रेत अडवून धरता येत नाही. दुसऱ्या दिवशी ताब्यात द्यायचं ठरलं. आमच्या दवाखान्यात तेव्हा बर्फाचीही मारामार असे, डॉक्टर घाई करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी बसचा एक कंडक्टर खाकी गणवेशात, खांद्याला बॅग अडकवलेला, ठाण्यात आला. बीदर-गुलबर्गा गाडीवरचा. आजचं कलबुर्गी तेव्हा गुलबर्गाच होतं.

"सायेब, त्यो गेमवाला पोरगा मेलाय म्हनतेत. खरं हाय का?"

"खरं आहे. तुझा कोण तो?"

"कोन न्हाई. आमी खेळतो एका जागी." मग म्हणाला, "मेलाय, तर परवा आन् काल गुलबर्ग्यात पयला नंबर कोन काढलाय?"

मी त्याला खुर्ची दिली. त्यानंतर त्यानं जे सांगितलं ते ऐकताना मला वाटलं, आपल्या हद्दीत आपल्याला न कळता एक दुसरंच गाव वसलं आहे. बीदर, हुमनाबाद, गुलबर्गा, उदगीर, जहिराबाद, जिथे जिथे व्हिडिओ गेमचं मशीन होतं तिथे तिथे त्याचे वेडे होते. एकमेकांची तोंडं त्यांनी पाहिलेली नव्हती. खेळात पहिला आलेला गडी शेवटी पडद्यावर इंग्रजीतली तीन अक्षरं टाकतो, तेवढ्यावर त्यांची ओळख. कुठे नवं मशीन उतरलं, कुठल्या मशीनचा दांडा डावीकडे अडतो, कुठे कोण वर चढला, ही सगळी खबर कंडक्टर, लॉरीचे क्लीनर आणि हैदराबादला शिकणारी मुलं गावोगाव पोचवत. आमच्या वायरलेसपेक्षा ती लवकर पोचायची, हे मला कबूल केलं पाहिजे.

"त्यो कायम ए, के, के लिव्हतो," कंडक्टर म्हणाला. "त्याचं नाव त्या अक्षरानं न्हाई, पर लिव्हतो तेच. गुलबर्ग्याच्या जत्रंत तंबूमंदी मशीन आलंय. तिथं वर तेच हाय."

"दुसऱ्या कोणी टाकलं असेल."

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या तिकिटाच्या पैशावर संशय घेतला. "दुसऱ्याचं नाव कोन लिव्हंल सायेब? मरमर करून नंबर काढायचा आन् नाव दुसऱ्याचं?"

गाडीची वेळ झाली म्हणून तो गेला. मी हवालदाराला पाठवून गेमच्या दुकानाचा मालक बोलावला. पन्नाशीचा, दाढी राखलेला, बोलायला गोड. आमच्याकडच्या दखनीत एकच पालुपद लावून बसला, "मेरेकू नई मालूम साब. नक्को पूछो." मी त्याला काहीच विचारलं नाही. स्टेशन डायरी लिहीत बसलो. खोटं बोलणाऱ्या माणसाला प्रश्न विचारले की त्याला आधार मिळतो, गप्प बसलं की तो आपणच घसरतो. तो आधी टोपीशी खेळला, मग पाणी मागितलं, मग म्हणाला, "मैं इच बोला था उसकू."

झालं होतं इतकंच. भांडून आलेल्या पोराला यानंच सांगितलं होतं, गुलबर्ग्याच्या जत्रेत नवा खेळ आलाय, तंबूवाल्याला मशीन सांभाळायला माणूस हवाय. पुढे विहिरीत प्रेत सापडल्याचं ऐकलं आणि याची दातखीळ बसली. आपल्या सांगण्यावरून पोरगं निघालं आणि वाटेत मेलं, असं त्याला वाटत होतं. दुकान बंद होईल ही भीतीही होतीच.

"पण पोरगा आधी तिकडे जाऊन, नाव टाकून, मग परत येऊन मेला असेल तर?" मी म्हणालो. "नाव तर मशीनमध्ये राहीलच."

"नई रहता साब," तो म्हणाला. "चलो, दिखाता."

ती खोली मी आजही जशीच्या तशी पाहू शकतो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, दाराला जाड पडदा, आणि आत भर दुपारी निळा काळोख. पडद्यावर चांदण्या हळूहळू खाली सरकत होत्या आणि एक विमान त्यांच्यामधून वाट काढत होतं. चारपाच गडी दाटीवाटीनं उभे होते, पण कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सगळ्यांचे चेहरे निळे, ओले दिसत होते. खरं सांगायचं तर मी तिथे कशाला आलोय हे क्षणभर मीही विसरलो. त्या पोराची नोकरी कशानं गेली ते मला तिथे उभं राहून कळलं, तक्रार वाचून कळलं नव्हतं. खेळणाऱ्याचा डाव संपला. पडद्यावर नावं उमटली. त्यानं आपली तीन अक्षरं टाकली.

आणि बीदरच्या रिवाजाप्रमाणे लाईट गेली. मालकाला काही करून दाखवावंच लागलं नाही. अंधारात सगळे जागच्या जागी उभे राहिले. लाईट आली, मशीन चालू झालं, पडद्यावर परत नावांची जागा आली. आताच टाकलेली अक्षरं त्यात नव्हती. कंपनीनं घालून दिलेली कोणाची तरी परकी अक्षरं होती.

"रोज सकाळी कोरं असतंय," खेळणारा गडी शांतपणे म्हणाला. "आज नाव दिसलं म्हंजे मानूस आजच आलता."

मी तडक बाहेर आलो. विहिरीतलं प्रेत सापडलं त्यालाच तिसरा दिवस होता. आणि कंडक्टरनं नाव काल पाहिलं होतं.

गुलबर्ग्याला वायरलेस केला. 'जत्रेतल्या तंबूत मशीनवर ए के के हे नाव आहे का, पाहून कळवावे.' तिकडून आधी हसू आलं, मग उत्तरच आलं नाही. आमच्या साहेबांनी विचारलं, मुडद्याचा तपास आता खेळण्यावर करणार का? मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत प्रेत देऊ नका, एवढं करा. आणि अक्काला जीपमध्ये बसवलं. कशाला चाललोय ते तिला सांगितलं नाही. नुसती 'चौकशी आहे' म्हणालो. आशा दाखवून ती खोटी ठरली असती तर त्या बाईला मीच दुसऱ्यांदा मारलं असतं.

वाटेत दोन्ही बाजूंनी तूर फुलली होती. ती सबंध रस्ताभर पिवळ्या शेतांकडे बघत होती आणि एकदाच बोलली, "पुरायला गावाकडं न्यायाला गाडी मिळंल का सायेब?" मी ड्रायव्हरला वेग वाढवायला सांगितलं.

जत्रा अजून भरायची होती. पाळणे थांबलेले, मिठाईवाले ताटं पुसत होते. एका तंबूमागे जनरेटर धडधडत होता. आत तोच निळा काळोख आणि त्याच सरकत्या चांदण्या. मशीनसमोर कोणी नव्हतं. पडद्यावर नावं आली, आणि सगळ्यात वर तीच तीन अक्षरं उभी होती.

अक्का माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "काय लिव्हलंय ते?"

"तुझ्या भावाची खूण आहे म्हणतात." मी एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, "ए... के... के." तीन वेळा तोंडानं म्हटलं आणि अक्षरं एकमेकांना चिकटली; चौथ्याला मशीनमध्ये जागाच नव्हती. इतका वेळ ज्याला मी पोरखेळ समजत होतो ते कळायला मला तिथपर्यंत यावं लागलं.

"अक्का लिहिलंय," मी म्हणालो. "तो आपलं नाव लिहीतच नाही. रोज तुझं लिहितो."

तिनं पडद्याच्या काचेवर हात ठेवला. तिचा तळवा निळा दिसायला लागला. ज्या दुकानाला तिनं रोज शिव्या घातल्या, तिथे रोज तिचं नाव सगळ्यांच्या वर असायचं, आणि उदगीरपासून जहिराबादपर्यंतचे गडी ते ओळखत होते. तिला एकटीला माहीत नव्हतं.

एवढ्यात तंबूची कनात बाजूला झाली. हातात डिझेलचा डबा, अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. आधी त्याला माझी वर्दी दिसली आणि तो मागे सरला. मग ती दिसली.

ती त्याच्याकडे धावली नाही. हळूहळू चालत गेली, त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि शवागारात जे केलं नव्हतं ते केलं, नीट बघितलं. मग फाडकन त्याच्या थोबाडीत दिली. "एकदाच रडनार म्हनलं होतं रे," ती म्हणाली, "दोन्दा रडिवलास." आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडायला लागली. डबा तसाच हातात धरून तो म्हणत राहिला, "अक्का, काय झालंय? सांग की, काय झालंय?"

माझ्या नोकरीत मी वर्दीत असताना रडलो असा तो एकच प्रसंग. तंबूत अंधार होता हे बरं झालं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण विहिरीतला तो मुलगा अजून शवागारातच होता. ओळखीचा पंचनामा रद्द केला, आजूबाजूच्या ठाण्यांना वर्णन कळवलं, कोणी आलं नाही. शेवटी नगरपालिकेच्या माणसांकडून दफन करायचं ठरलं. मी नियमाप्रमाणे हजर होतो. खड्ड्याच्या कडेला पाहतो तर अक्का आणि तिचा भाऊ आलेले. तिच्या हातात नवं पांढरं कापड होतं.

मी म्हणालो, "तुम्ही कशाला आलात? हा तुमचा कोणी नाही."

"म्या येक दीस ह्याला भाऊ म्हनलंय सायेब," ती म्हणाली. "आता न्हाई कसं म्हनू?"

भावानं कापड अंथरलं. दोघांनी माती दिली. मी कागद मांडीवर घेऊन नावाच्या रकान्यात लिहायला लागलो. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं, काय लिहिता. मी सांगितलं.

"बेवारस कामून लिव्हायलात?" ती म्हणाली. "म्या हाय की."

नियमाला दुसरा शब्द ठाऊक नव्हता, तेव्हा मी तोच लिहिला. पुढे निवृत्त होईपर्यंत तो शब्द अनेकदा लिहावा लागला. पण तो लिहिण्याआधी दर वेळी मी पेन खाली ठेवून बाहेर पायरीवर कोणी बसलंय का, ते बघून यायचो.