नाबोरच्या मयताला नाबोर

भर दुपारी एवोदियोने छपरावरचा भोंगा लावला आणि अख्खं कारिसाल गाव रडवलं. "मंडळी, आपला नाबोर गेला हो!"

नाबोर गेला नव्हता. शहरातल्या इस्पितळातून त्याच्या बहिणीचा, ब्रीहिदाचा, फोन आला होता. ती नुसती हुंदके देत होती, आणि पुढचं ऐकायला थांबणं एवोदियोच्या रक्तात नव्हतं. नाबोरच्या बँडमध्येसुद्धा त्याचा ट्यूबा, तो गळ्यात अडकवायचा पितळी कर्णा, इतरांच्या आधीच वाजायचा.

नाबोर मूळचा कोळंबी सोलणारा. तो गायला लागला की बायकांचे हात थांबायचे, म्हणून मुकादमाने त्याला हाकललं. मग लग्नं, जत्रा, रेडिओ; किनाऱ्यावरच्या प्रत्येक ट्रकात त्याचंच गाणं. आता इथली रीत अशी, की गाणं आवडलं की गायकाला मंचावर टकिलाचा पेला पाठवायचा आणि त्याने तो सर्वांदेखत रिकामा करायचा. नाही म्हटलं तर पाठवणाऱ्याचा अपमान, आणि पाठवणारे कमरेला काय खोचून येतात ते नाबोरला ठाऊक होतं. दुर्दैवाने त्याची सगळीच गाणी लोकांना आवडायची. तेहेतिशीत लिव्हरने मान टाकली.

डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मला गावी न्या. पोचवायला अख्खं गाव हवं आणि माझा बँड."

इकडे शहरातून प्रेत यायचं म्हणून चौकात डुक्कर कापलं गेलं, बिअर फुटली, बँड उभा राहिला. खाटीक कांदिदो सगळ्यांत मोठ्याने रडत होता.

"पहिला पेला मी पाजला हो त्याला!"

"गप रे!" गर्दीतला एक जण ओरडला. "पहिला माझा. तुझा तो हलक्यातला!"

एवढ्यात देवळामागे ब्रीहिदाची गाडी थांबली. खांदा द्यायला एवोदियो गळ्यातल्या ट्यूब्यासकट धावला, आणि काचेतून आत बघून जागीच थिजला. मागच्या सीटवर नाबोर आडवा, आंब्यासारखा पिवळा, चौकातल्या रडारडीकडे टक लावून.

नाबोर खरा गेला तो त्याच आठवड्यात. बँडची परगावच्या लग्नाची सुपारी होती, आणि लोक म्हणाले, एका माणसासाठी दोनदा कोण रडणार? शवपेटीमागे ब्रीहिदा, पाद्री आणि एवोदियो.

पण त्या दुपारी एवोदियो गाडीच्या काचेशी वाकला होता. "गड्या, चुकलो मी. जाऊन सांगतो सगळ्यांना, तू जिवंत आहेस म्हणून!"

"गप वाजव, सांगितलंस तर लोक घरी जातील."