माव्याला नर लागत नाही

सुरतेत लिंबायतला आमच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या ड्रममध्ये बायको दरवर्षी सुरती पापडी लावते. त्या वेलाच्या बुडाशी ती रोज सकाळी मुंग्यांना पीठसाखर घालायची. शेजारच्या गुजराती काकींनी सांगितलं होतं, "कीडियारूं कर. मुंगीचं पोट भरलंस की तुझी कूस भरेल. फळत्या वेलाखाली घाल, म्हणजे लवकर लागू पडेल." आठ वर्षं घातलं बाईनं. अंगात ताप असला तरी जिना चढायची. मी खाली चहा पीत डाफरायचो, "झालं का तुझं अन्नछत्र?"

डाफरायचो, कारण मला खरं माहीत होतं. कापडाच्या लूमवर सुट्टी टाकून मी एकटाच तपासून आलो होतो. दोष माझ्यात होता. मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, कागदावरही लिहून दिलं. घरी येऊन मी म्हणालो, "दोघंही ठीक आहोत. वेळ लागेल." एरवी माझ्या तोंडाचा पट्टा मशीनच्या वर चालतो, पण तेवढी एक गोष्ट सांगायची म्हटली की दातखीळ बसायची. भित्रा माणूस, दुसरं काय!

या हिवाळ्यात वेलावर मावा पडला. शेंडे, कळ्या, कोवळ्या शेंगा, सगळं काळं. एक डहाळी पिशवीत घालून आम्ही दोघं बी-बियाण्याच्या दुकानात गेलो. दुकानदार आपल्या खानदेशातलाच, बोलायची भारी हौस. त्यानं भिंग बायकोच्या हातात दिलं. "बघा वहिनी, ही आत्ता व्यायला लागलीय."

बायको बघतच राहिली. मीही पाहिलं. काळ्या चकचकीत किड्याच्या मागून एक इवलं राखाडी पिल्लू बाहेर येत होतं, जिवंत, पाय हलवत.

"आणि नर कुठला?" तिनं विचारलं.

"आपल्या हवेत माव्याला नर लागतच नाही. सगळ्या माद्या. पोटातल्या पिल्लाच्या पोटातसुद्धा पिल्लू तयार असतं. आठवड्याभरात तेही व्यायला लागतं."

"बाई गं!" असं म्हणून ती हसली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग तो म्हणाला, "औषध देतो, पण आधी मुंग्या हटवा. माव्याच्या अंगातून गोड पाणी निघतं, त्याच्यासाठी मुंग्या त्याला गुरांसारखं राखतात. माव्याला खाणारे किडे हाकलून लावतात. वेलाखाली काही गोडधोड टाकता की काय?"

बायकोनं भिंग काउंटरवर ठेवलं.

रिक्षातून उतरून ती तडक जिना चढली. गच्चीवर आल्यावर म्हणाली, "पीठ बंद केलं तर वेल वाचेल. पण एवढी वर्षं घातलं, आता मध्येच सोडलं आणि त्यामुळंच मूल व्हायचं राहून गेलं तर? तुम्ही सांगा, काय करू?"

बेचाळीस वर्षांची बाई. अजून वाट बघत होती. मला माझीच किळस आली.

"घालू नकोस," मी म्हणालो. "काही उपयोग नाही. दोष माझ्यात आहे. तपासलं होतं मी."

"कधी?"

"तू मुंग्यांना घालायला लागलीस, त्याच्या आधी."

तिनं शिव्या द्याव्यात, ड्रम लाथाडावा, काहीही करावं, असं मला वाटत होतं. तिनं वेलावरची एक काळी पडलेली शेंग खुडली.

"मोठ्या जाऊबाईंनी त्यांची तिसरी पोरगी देऊ केली होती," ती म्हणाली. "बाराव्या दिवशी माझ्या मांडीवर ठेवली होती. तुम्ही म्हणालात, दुसऱ्याचं कशाला, आपलं होईल की. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"यंदा शाळेत तिसरीत गेली ती," बायको म्हणाली. "मला काकू म्हणते."