शिडीच्या चित्रापाशी

किस्से कधी साचतात माहितीय? ऐकायला घरात कोणी नसलं की! अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला मुलाकडे आल्यापासून माझ्याकडे ढीग झालाय नुसता. मुलगा-सून दोघंही डेटा सेंटरमध्ये. घरी आले तरी कानात हेडफोन. नात रिया सहावीत. मराठीत काही विचारलं की "आय नो, आजी" म्हणून वर निघून जाते.

म्हणून मी, नागपूरची रिटायर्ड बायॉलॉजीची बाई, इथल्या एका छोट्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर झाले. रियानं एकदा यावं, आजी काय करते ते बघावं, एवढी एकच हौस.

*

माझी ड्यूटी एका जुन्या युरोपियन चित्रापाशी. चित्रात शिडी. तळाला माकड, मग काळे, मग आपल्यासारखे सावळे, आणि टोकाला अर्थातच गोरा साहेब!

आधी हे लोक म्हणायचे, देवानंच आम्हाला वर बसवलंय. मग उत्क्रांती आली. सगळ्यांचे पूर्वज एकच निघाले. आता तरी खाली उतरतील की नाही? छे! म्हणाले, "निसर्गानंच आम्हाला वर बसवलंय!"

*

माझ्यासोबत दर मंगळवारी रॉन असतो, रिटायर्ड पाद्री. एका माणसानं त्याला हटकलं, "तुम्ही पाद्री, आणि ही उत्क्रांती खरी मानता?"

"मंगळवारी, हो."

"आणि रविवारी?"

"रविवारीसुद्धा. फक्त शेजारी बायको असते, म्हणून हळू बोलतो!"

सुटल्यावर ती बायको गाडी घेऊन दाराशी उभी असते. मी कॅब बोलावते.

*

एक गोऱ्या आजीबाई ते चित्र बघून माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी. "आय अ‍ॅम सो सॉरी!"

म्हटलं, "अहो, तुम्ही काढलंय का ते?"

तरी त्यांनी मिठी मारलीच. खरं सांगू? मीच लवकर सोडली नाही. कोणी जवळ घेऊन किती महिने झाले होते!

*

आपले लोक काही कमी नाहीत हं. गणपतीला सगळे घरून एकेक पदार्थ घेऊन जमतात, त्या पॉटलकला एका काकांनी विचारलं, "त्या शिडीवर आपण कुठे?"

"काका, शिडीच चूक आहे हो! मी तेच तर शिकवते."

"ते झालंच. पण कोणाच्या वर?"

*

आणि गेल्या महिन्यात रियाच्याच वर्गाची ट्रिप आली. सकाळी मुद्दाम नारायणपेठ काढली. रिया ब्रेकफास्टला म्हणाली, "आजी, प्लीज, जीन्स घाल ना." मी वरून व्हॉलंटियरचं निळं जॅकेट चढवलं.

मुलं चित्रासमोर बसली. रिया सगळ्यात मागे. मी सांगितलं, "ही शिडी खोटी आहे. खरं तर एक झाड आहे, आणि आपण सगळे एकाच फांदीवरचे. म्हणजे तुम्ही माझे कोण?"

"कझिन्स!" अख्खा वर्ग ओरडला. एक लालबुंद गालांचा मुलगा तर उठून हात मिळवायला आला. "हाय, कझिन!"

काय हसली पोरं! मी मागे बघितलं. रिया बुटाची लेस बांधत होती.

जाताना टीचरनं सगळ्यांना रांगेत उभं केलं. एकेक जण माझ्यासमोर येऊन म्हणत होता, "बाय, कझिन!" "बाय, कझिन!"

रिया शेवटी होती. समोर आली, जमिनीकडे बघितलं.

"थँक यू, मॅम."