आधीवाले, नंतरवाले आणि सुशीलाचा गुडघा

आमच्या मंडळीत दर रविवारी एक तरी किस्सा होतोच. लिहून ठेवू म्हणतो, तेवढ्यात पुढचा रविवार उजाडतो!

मंडळी म्हणजे आमचं छोटं चर्च, पस्तीस-चाळीस माणसं. उल्हासनगर कॅम्प पाचला जीन्सच्या कारखान्यावर, दुसऱ्या मजल्यावर आमचा हॉल. प्रभू येणार आणि विश्वासणाऱ्यांना ढगांत उचलून नेणार, कच्च्या विश्वासाचे मागे राहणार, ह्यावर सगळ्यांचं एकमत. भांडण फक्त टायमिंगचं. जगावर सात वर्षांचं महासंकट येणार, तर उचलणार त्याच्या आधी की नंतर? झाले दोन गट, आधीवाले आणि नंतरवाले. ती घटका कुणालाच ठाऊक नाही, हे प्रभूनेच सांगून ठेवलंय. पण ऐकतो कोण!

मी हसून सोडून दिलं असतं. पण माझी बायको सुशीला कट्टर आधीवाली, आणि तिचा उजवा गुडघा पार झिजलेला. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल. तर ही म्हणते, "अहो, प्रभू सगळं शरीरच नवीन देणार आहे. मग एक पार्ट कशाला बदलायचा?"

मी डोकं धरून बसलो.

*

बदलापूरच्या सिस्टर मार्था आधीवाल्या. त्यांच्या शेजारी ब्रदर साळवे, नंतरवाले. एकदा सिस्टरांनी साळव्यांच्या हातात घराची चावी ठेवली.

"आम्ही गेल्यावर आमच्या कढीपत्त्याला पाणी घाला हं."

साळवे भडकले. "आम्हीपण जाणार आहोत, सिस्टर! फक्त उशिरा!"

"म्हणूनच तर तुम्हाला देतेय!"

दोन महिने बोलणं बंद. शेवटी समोरच्या सिंधी अंकलनी हात पुढे केला. "लाओ बेटी, चाबी इधर दो. हमको तो कोई लेने नहीं आ रहा!"

*

साळव्यांनी महासंकटासाठी माळ्यावर तांदूळ भरून ठेवला होता. पावसाळ्यात त्याला टोके झाले. वहिनींनी चार दिवस बसून तो निवडला आणि मंडळीच्या प्रीतिभोजनाला देऊन टाकला.

पहिल्या पंगतीला कोण? सगळे आधीवाले! साळवे वाढपी होऊन फिरत होते. "खा, पोटभर खा. नंतर तुम्ही कुठे असणार आहात!"

*

आमचे पास्टर आधीवाल्यांचे पुढारी. दर रविवारी सांगणार, "आज रात्री येईल, तयार राहा!" त्यांनीच चिखलोलीला फ्लॅट बुक केला. ताबा चार वर्षांनी.

मी भर सभेत विचारलं, "पास्टर, प्रभू तर कधीही येणार ना?"

पास्टर शांतपणे म्हणाले, "प्रभू वेळेवर येईल हो. बिल्डरचं सांगता येत नाही."

ह्यावर सगळ्यात मोठ्यानं 'आमेन' कोण म्हणालं असेल? आमची सुशीला!

*

इकडे गुडघ्याचं दुखणं वाढतच चाललं. हॉलचा जिना ती बसत बसत चढायची. मग तेही जमेना. तीन रविवार उपासना चुकली, घरात भिंत धरून चालायला लागली. एक दिवस माझा तोल गेला.

"वर जायचं तेव्हा जाशील! आत्ता संडासला जायला दोन माणसं लागतात!"

बोलून गेलो आणि मलाच लाज वाटली. ती रडली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "घ्या अपॉइंटमेंट."

डॉक्टरांनी टेबलावर नवा सांधा ठेवला. "काकू, हा वीस वर्षं आरामात टिकेल."

सुशीलानं तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. "वीस नको. दोन-तीन वर्षांचा दाखवा ना."

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

*

ऑपरेशनच्या दिवशी पास्टर प्रार्थना करायला अंबरनाथला हॉस्पिटलात आले. सुशीलाला एकच काळजी. "पास्टर, मी भूल देऊन झोपलेली असताना प्रभू आला तर?"

"तुमच्यासारख्यांना झोपेतही उचलेल, सिस्टर."

"आणि ह्यांना?"

पास्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून लगेच प्रार्थना सुरू केली.

तिला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. अडतीस वर्षांचा संसार आहे. माझंच तोंड सुटलं नसतं तर ती आज ह्या दारातून आत गेली असती का, हेच डोक्यात. पास्टर शेजारी बसून राहिले.

चार तासांनी डॉक्टर बाहेर आले. "मस्त झालं. उद्या उभं करू." आम्ही दोघं आत गेलो. भूल उतरत होती. सुशीलानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. मी दिसलो ह्याचं तिला काही नवल वाटलं नाही.

मग तिची नजर माझ्या शेजारी गेली, आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

"पास्टर... तुम्हीपण राहिलात?"