क्षारनगरीची समाप्ती

रेणुकाने शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. कडूबा मिरचीचे देठ खुडत होता. त्याचे हात थांबले नाहीत.

"मंग?" तो म्हणाला.

"मंग काय मामा. संपलं."

"आन झरा?"

"झरा नाही."

"पाह्य बरं. पानं चिकटून राह्यली असतील."

रेणुकाने बोटाला थुंकी लावून शेवटची पानं एकेक करून सोडवून पाहिली. चिकटलेली नव्हती. शेवटच्या पानानंतर एक कोरं पान होतं आणि त्यानंतर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात. कडूबाने हातातली मिरची सुपात टाकली. गावासमोर चाललेल्या वाचनाची समाप्ती दुसऱ्या दिवशी दुपारी होती. शिऱ्यासाठी साखर येऊन पडली होती.

वरवट बकालमध्ये कडूबा दोन कामांसाठी ओळखला जातो. एक त्याची मिरची, दुसरं पोथीचा अर्थ. तिथे पोथी दोघांनी वाचायची पद्धत आहे. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने तिचा अर्थ गावच्या बोलीत सांगायचा. ओवी कोणीही वाचू शकतो. अर्थ सांगणारा मात्र लोकांनी मानलेला असावा लागतो, कारण मंडपात बसलेले लोक पोथीचं नव्हे, त्याचं ऐकत असतात. कडूबाचे वडील अर्थ सांगायचे. त्यांच्यानंतर ते काम न विचारता कडूबाकडे आलं.

एका वर्षी चातुर्मास सरला, पोथी संपली, तरी माणसं दर गुरुवारी मारुतीच्या सभामंडपात येऊन बसायची थांबेनात. कडूबाची भाची रेणुका गावच्या वाचनालयात काम करते. कपाटात एक जाड पुस्तक कोणी हात न लावता पडलं होतं. ते ती घेऊन आली. 'क्षारनगरी', खंड पहिला. लिहिणारा पुण्याचा, भाषा तिकडची, नावं अवघड. राक्षस, बोलणारी गिधाडं, तीन राजे, चालते डोंगर. पण गोष्ट अशा नगरीची होती जिथल्या सगळ्या विहिरी खाऱ्या आहेत, आणि इरावणी नावाची एक नावाड्याची पोर गोड्या पाण्याचा झरा शोधायला निघते.

वरवट खारपाणपट्ट्यात आहे. जिथे विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या गावाला या गोष्टीचा अर्थ काय सांगायचा? पहिल्याच दिवशी बायका पदर सावरून पुढे सरकल्या. कडूबाने चालत्या डोंगरांचा सातपुडा केला आणि क्षारपती राजाचा टँकरवाला. लोक हसून लोळले. पुढच्या गुरुवारी मंडप भरला.

हरकत घेतली ती देवळाचे पंच भगवंतराव यांनी. "कडूबा, देवाच्या मंडपात मनानं रचलेली गोष्ट पोथीसारखी वाचता? हिचा शेवट काय, कोणाले माहीत आहे का?"

"गोड पाण्याची गोष्ट आहे, भगवंतराव," कडूबा तेव्हा बोलून गेला. "शेवट गोडच निघन. नाही निघाला तर मंडप सोडतो आम्ही."

हा शब्द त्याने चारचौघांत दिला. पुढे सहा खंड होईस्तोवर दरवेळी, गोष्ट भरकटली की, तो तोच शब्द पुन्हा वापरत राहिला. "धीर धरा. शेवटी समदं जुळते." सहाव्या खंडानंतर लेखकाने कित्येक वर्षं काही लिहिलं नाही. मंडपात मग पुन्हा पोथ्या लागल्या. पण एकही गुरुवार न चुकवणारी वच्छलाबाई दिसली की विचारायचीच, "काऊन रे, आला का सातवा?" तिचा नवरा खारं पाणी पिऊन जडलेल्या किडनीच्या आजाराने गेला होता. गोष्टीतल्या राजांशी तिला कर्तव्य नव्हतं. तिचा प्रश्न एकच असायचा: झरा सापडला तर पाणी सगळ्यांना मिळेल, की राजाच्या वाड्यापुरतं?

सातवा आला आणि गुरुवारी गुरुवारी मंडपात वाचला जाऊ लागला; आता शेवटची बैठक उरली होती. त्यात एक नवाच राजपुत्र होता. युद्ध होतं, त्याच्यानंतर आणखी एक युद्ध होतं. इरावणी मधून मधून दिसत होती, तीही राजपुत्राच्या घोड्यामागे. पाण्याचा उल्लेख एकदाच होता. प्रधान म्हणतो, पाण्याचा प्रश्न यथावकाश पाहता येईल. शेवटच्या पानावर राजपुत्रावर आलेला बाण इरावणी छातीवर घेते आणि मरते. राजपुत्र गादीकडे चालू लागतो. एवढंच.

"उद्या तू छापलं ते वाच," कडूबा म्हणाला. "झरा मी अर्थामंदी काढतो."

"मामा, छापलं नाही ते कसं काढता?"

"लोकं तुह्यं ऐकत नाहीत व पोरी. माह्यं ऐकतात."

"म्हणूनच म्हणते," रेणुका म्हणाली. "तुम्ही म्हटलं की त्यांच्यासाठी ते पुस्तकात असते."

कडूबाने सूप पुढे ओढून पुन्हा देठ खुडायला घेतले. आणखी एक अडचण होती आणि ती दोघांनाही माहीत होती. अशुभावर पोथी मिटत नाही. अध्याय कोणाच्या मरणावर संपला तर पुढे वाचत जायचं. लग्न, बारसं, निदान पाऊस येईस्तोवर वाचायचं आणि मगच पोथी बांधायची. पाचव्या खंडात गिधाड मेलं तेव्हा शुभ प्रसंग सापडता सापडेना. माणसं उपाशी बसून राहिली आणि घरी गेल्यावर त्यांना बोलणी खावी लागली. आता मरणाच्या पुढे कोरं पान होतं.

दुसऱ्या दिवशी मंडप ओसंडला. मागे चुलीवर वरण उकळत होतं. भगवंतराव एरवी येत नसत. आज ते खांबाला टेकून, काठी आडवी ठेवून बसले होते. वच्छलाबाई पुढच्या ओळीत होती.

रेणुका सरळ आवाजात वाचत गेली. कडूबा अर्थ सांगत गेला, पण नेहमीसारखा रंगला नाही. राजपुत्राच्या युद्धात लोक चुळबुळू लागले. "हा उपटसुंभ आला कुठून बे?" मागून कोणीतरी विचारलं. प्रधानाचं वाक्य आलं. यथावकाश म्हणजे काय, हे कडूबाने सांगायच्या आतच एक बाई म्हणाली, "समजलं आम्हाले. हे तर ग्रामसभेत बी म्हणतात." हशा पिकला, पण लगेच विरला. माणसं रेणुकाच्या उजव्या हाताकडे पाहत होती. उरलेली पानं त्या हातात होती आणि ती फार थोडी होती.

बाण सुटला. इरावणी पडली. रेणुकाने शेवटची ओळ वाचली आणि तिच्यावर अंगठा ठेवून थांबली.

माणसं पान उलटायची वाट पाहत होती.

"हं, कडूबा," भगवंतराव म्हणाले. "अर्थ सांगा."

शेवट त्याच्याकडे तयार होता. रात्री अंथरुणावर त्याने तो नीट जुळवला होता. बाण छातीतून पार होऊन जमिनीत घुसतो आणि जिथे घुसतो तिथून पाणी उसळतं. पुस्तकातल्यापेक्षा शंभर पटीने चांगला होता.

"तर बाण तिच्या छातीतून आरपार गेला," तो म्हणाला. "आन जमिनीत रुतला."

रेणुकाने वर पाहिलं नाही. अंगठाही हलवला नाही.

"खोल रुतला," कडूबा म्हणाला. "आन जमिनीतून..."

वच्छलाबाई पुढे वाकली होती. तोंड किंचित उघडं होतं. ती हे घेऊन घरी जाणार होती, सुनेला सांगणार होती, विहिरीवर सांगणार होती. पाणी सगळ्यांना मिळालं का, हे ती आता विचारणार होती आणि त्याचंही उत्तर त्यालाच बनवावं लागणार होतं. तो सांगेल ते ती खरं मानणार होती.

"आन जमिनीतून काहीच निघालं नाही," कडूबा म्हणाला. "मेली ती. राजपुत्र गेला गादीवर बसायले."

"पुढं वाच व," वच्छलाबाई रेणुकाला म्हणाली.

"पुढं नाही, माय."

"असं कसं? झरा?"

"नाही."

"अहो, मंग मिटायची कशी?" कोणीतरी म्हणालं. "पाऊस तरी पडू द्या." आता सगळेच बोलू लागले. कोणी लेखकाला शिव्या घातल्या. कोणी म्हणालं, पोरीनं पानं गाळली. मागच्या चुलीवरून हाक आली की वाढायचं का.

भगवंतरावांनी काठी आपटली. सगळे गप्प झाल्यावर ते कडूबाकडे झुकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "देवाचा मंडप आहे. पंगत थांबली आहे. एक ओळ जोडून टाक ना बाप्पा. पाऊस पडला म्हण. कोण तपासायले येते?"

कडूबाने त्यांच्याकडे पाहिलं. मंडप वाचवायची वाट हरकत घेणाराच दाखवत होता.

"नाही जोडत," तो मोठ्याने म्हणाला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच. "लिहिणारा झरा विसरला. सहा पुस्तकं आपल्याले पाण्यासाठी हिंडवलं आन सातव्यात विसरला. ह्याचा अर्थ एवढाच आहे. दुसरा नाही."

"तू म्हणत होता ना, शेवटी समदं जुळते?" वच्छलाबाईचा आवाज चढला. "तुले माहीत होतं का?"

"नाही."

"मंग काऊन म्हणत होता?"

वच्छलाबाई गुडघ्यावर हात रोवून उठली. सरळ रेणुकापाशी गेली, तिच्या अंगठ्याखालून पुस्तक ओढलं आणि दोन्ही हातांनी मिटलं. मंडपात गलका उठला. "माय व!" एक म्हातारी म्हणाली.

"पाप लागन तर मले लागन," वच्छलाबाई म्हणाली. "उघडं ठेवलं म्हणून इरावणी उठून बसते का? वाढा आता. वरण लागन खाली."

पंगत झाली. लोक जेवले, पण बोलले ते एकमेकांशी, कडूबाशी नाही. त्याच्या पानात शिरा वाढताना वाढणाऱ्याने आग्रह केला नाही. हात धुताना भगवंतरावांनी फक्त एवढंच विचारलं, "मंग, शब्दाचं कसं?" कडूबाने मंडपात अंथरलेली आपली सतरंजी त्याच दिवशी घडी करून घरी नेली.

पुढच्या गुरुवारी ती त्याच्या कांदाचाळीच्या सावलीत अंथरली. कोणी येईल असं त्याला वाटत नव्हतं. मंडपातल्या गर्दीच्या पावपटही माणसं आली नाहीत. आली ती दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्याने, अजून त्याच शेवटावर भांडत. राजपुत्र मरायला पाहिजे होता. नाही, प्रधान. नाही, झरा गिधाडाला ठाऊक होता आणि लेखकाने त्याला उगाच मारलं. कडूबा गप्प बसून ऐकत होता. इतक्या वर्षांत अर्थ दुसरे सांगताहेत आणि तो ऐकतोय, असं पहिल्यांदाच घडत होतं.

वच्छलाबाई सगळ्यात शेवटी आली. रेणुकाच्या हातात एक वेगळं, पातळ पुस्तक होतं. वच्छलाबाई बसली नाही, उभ्यानेच विचारलं.

"ह्याचा शेवट माहीत आहे का तुले?"

"नाही," कडूबा म्हणाला.

"चांगला निघन का?"

त्याच्या जिभेवर जुनं वाक्य आलं होतं. ते त्याने गिळलं.

"सांगता येत नाही, काकू."

"मंग असंच म्हणत जाय दरवेळी," ती म्हणाली, आणि सतरंजीचा कोपरा सरळ करून खाली बसली.